भंगाराच्या पैशात नवी एसटी येत नाही

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्याकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. "दहा वर्षांवरच्या सगळ्या एसटी एकदम भंगारात काढा. दुरुस्तीचा खर्च वाचेल, त्यात इलेक्ट्रिक गाड्या घ्या आणि खेड्यांच्या रिकाम्या फेऱ्या बंद करा." पाठवणाऱ्यांची चीड मला कळते. चांदसैली घाटात बंद पडलेल्या गाडीतून उतरून, डोक्यावर पिशवी घेऊन मीही चाललोय. पण हा उपाय आपल्याच मुळावर येणारा आहे.

आधी पैशाचं बघू. २०२४ मध्ये महामंडळाने अशोक लेलँडला २,१०४ डिझेल बसची ऑर्डर दिली, सुमारे ९८१ कोटींची. म्हणजे एक गाडी साडेसेहेचाळीस लाखांच्या घरात. इलेक्ट्रिक त्याहून महाग. लोखंड विकून आणि स्पेअर पार्टचा खर्च वाचवून एवढा पैसा उभा राहत नाही.

खरी गोम "एकदम" या शब्दात आहे. समजा आगारात साठ गाड्या आहेत आणि गाडी पंधरा वर्षं चालते. दरवर्षी चार नव्या आल्या तर ताफा कायम तरणा राहतो. साठच्या साठ एकाच वर्षी घेतल्या, तर पंधरा वर्षांनी साठही एकदमच म्हाताऱ्या होतील आणि तेव्हा पुन्हा हाच मेसेज फिरेल. कमी पैशात ताफा सांभाळायचा तर थोड्या गाड्या, पण न चुकता दरवर्षी घ्याव्या लागतात. मधे कोरोना आला, मग २०२१-२२चा लांबलेला संप. अशा वर्षांचा अनुशेष एका दमात फिटणार नाही.

"दुरुस्ती म्हणजे पैसा पाण्यात" हे अर्धंच खरं. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत चांगल्या चासीवरची जुनी अॅल्युमिनियमची बॉडी काढून पोलादी बॉडी चढवली गेली आहे. सात-आठ वर्षांच्या गाडीला हे परवडतं. तेरा वर्षांच्या गाडीवर मात्र हा खर्च करूच नये, कारण १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी आणि एसटीच्या गाड्यांची नोंदणी वाढवून मिळत नाही. नुसतं वयही बघू नका. मुंबईची रातराणी आणि तालुक्यात फिरणारी गाडी एकाच वर्षीच्या असल्या, तरी त्यांचे किलोमीटर सारखे नसतात.

इलेक्ट्रिकला माझा विरोध नाही. जळगाव-धुळे-नाशिकसारख्या मार्गावर ती आणाच. रोजचं अंतर मोठं, चार्जिंग ठरलेल्या स्टँडवर. पण अक्राणी तालुक्यातल्या डोंगरातल्या पाड्यावर मुक्कामी जाणारी गाडी रात्री चार्ज कुठे करायची? तिथे चार्जर नाही, आणि पहाटे तीच गाडी दवाखान्याला निघालेल्यांना घेऊन खाली येते.

आता "रिकामी" फेरी. सकाळी अकराला वर जाणाऱ्या गाडीत मागच्या सीटवर एक आजीबाई आणि पायाशी कोंबड्यांची पाटी, एवढंच असतं. वाहकाच्या हिशोबात ती फेरी तोट्याची. पण खाली येताना हीच गाडी कॉलेजच्या पोरींनी दारापर्यंत भरते. वळणावर त्या दप्तरं घेऊन उभ्या असतात आणि मागून येणारी प्रत्येकजण "गाडी उनी का?" म्हणजे गाडी आली का, एवढंच विचारते. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे. अकराची गाडी वर गेलीच नाही, तर त्यांच्यासाठी काळी-पिवळी जीप उरते, आणि काळी-पिवळीत पास चालत नाही.