कावळ्याचं घरटं पाडा सांगणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

सध्या एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडे आला असेलच, नसेल तर येईल. मजकूर थोडक्यात असा: कावळा डोक्याला शिवला की शनीचा कोप, घरात मृत्यू अटळ. कावळा चेहरा लक्षात ठेवतो आणि आयुष्यभर सूड घेतो. म्हणून दगड मारून धडा शिकवा. तरी ऐकत नसेल तर घरटं पाडा, कावळा कायद्याने उपद्रवी आहे, कोणी काही करू शकत नाही. आणि शेवटी, घारीपासून लहान मुलं सांभाळा, उचलून नेते. खाली हात जोडलेले आणि 'दहा जणांना पाठवा'.

मावशीने हा आईला पाठवला. आईला नेमका त्याच आठवड्यात गच्चीवर कपडे वाळत घालताना कावळ्याने डोक्यात फटका दिलेला, त्यामुळे तिने शब्दन् शब्द खरा धरला आणि आता शांत कुठे करतात याची चौकशी सुरू आहे. मावशी, तुझ्यावर राग नाही, पण पाठवण्याआधी एकदा वाचत तरी जा गं.

शनीचं आधी उरकते. आपल्याकडे कावळ्याची वीण मुख्यतः एप्रिल ते जून, आणि फटके बसतात ते याच महिन्यांत, त्याच एका झाडाखाली, वॉचमनला पण, पेपरवाल्याला पण, साडेसाती असलेल्याला पण आणि नसलेल्याला पण. आमच्या गच्चीच्या कठड्याला लागून जी फांदी आहे तिच्यावर घरटं आहे, काटक्यांमध्ये केबलवाल्यांनी कापून टाकलेले तारांचे तुकडे गुंफलेले, आणि कपड्यांची दोरी त्याच्यापासून हातभर अंतरावर. आई रोज जाऊन नेमकी तिथेच हात वर करून उभी राहते! कावळीणबाईंना काय वाटत असेल? गंमत म्हणजे कावळ्याने आंब्यावर घरटं बांधलं की यंदा पाऊस चांगला म्हणून खूश होणारी आपलीच माणसं, आणि त्याच घरट्याखाली टपली बसली की लगेच अपशकुन.

आता चेहरा लक्षात ठेवण्याचं. हे खरं आहे, मान्य करते, नाइलाजाने. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी २००६ साली गुहामानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, खुणेचे वाळे घातले आणि सोडून दिले. नंतर तो मुखवटा घालून कोणीही कॅम्पसमध्ये फिरलं की कावळे अंगावर ओरडत यायचे, दुसरा मुखवटा घातला तर फारसं कोणी विचारायचं नाही. पुढची काही वर्षं ओरडणाऱ्यांची संख्या कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली, म्हणजे ज्यांना कधी पकडलंच नव्हतं ते कावळेसुद्धा आईबापांकडून आणि इतरांकडून शिकून त्या चेहऱ्यावर ओरडायला लागले. कावळे तिथल्या जातीचे होते, आपले घरकावळे नव्हेत, पण आपलेही काही भोळे नाहीत.

पण हे नीट वाचलं तर कळेल की त्यांनी लक्षात ठेवला तो पकडणाऱ्याचा चेहरा. नुसता खालून जाणाऱ्याचा नाही. आणि मेसेजवाला महाभाग एका ओळीत सांगतो की कावळा चेहरा विसरत नाही आणि पुढच्याच ओळीत सांगतो की त्याला दगड मारा!! म्हणजे आज जे भांडण पिल्लं उडाली की आपोआप मिटणार आहे ते तुम्ही स्वतःच्या हाताने वर्षानुवर्षांचं करून घ्या, वर पोरांना पण शिकवा, आणि कावळे त्यांच्या पोरांना शिकवतील. हा उपाय आहे की काय आहे? मला ह्या एका मुद्द्यासाठीच एवढं लिहावंसं वाटलं.

घरटं पाडणं तर त्याहून वाईट. कायद्याचं जे लिहिलंय ते जुनं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात कावळा पाचव्या अनुसूचीत उंदरांच्या पंक्तीला उपद्रवी म्हणून बसवलेला होता, खरंय. पण २०२२ च्या दुरुस्तीने ती उपद्रवींची अनुसूचीच काढून टाकली, तेव्हा 'कोणी काही करू शकत नाही' याला आता काही आधार उरलेला नाही. शिवाय त्याच कायद्यात शिकारीच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हेही धरलंय. त्या घरट्यात कोकिळेचं अंडं असू शकतं हे वेगळंच, ती तर बहुतेकदा कावळ्याच्याच भरवशावर. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हिशोब बघा. अंडी उबवायला साधारण सोळा-सतरा दिवस, पिल्लं घरट्यात तीन-चार आठवडे. घरटं पाडलं की जोडी बरेचदा पुन्हा नवीन बांधते आणि मोजणी परत शून्यापासून. म्हणजे जूनमध्ये संपणारा त्रास तुम्ही लांबवला.

घार मूल उचलून नेते? घारीचं स्वतःचं वजन एक किलोच्या आत-बाहेर. हातातला वडा उचलते, तो तुम्ही उघड्यावर धरला म्हणून. घरट्याजवळ घारी झडप घालतात आणि नखांनी ओरखडे निघतात हे खरं. दिल्लीच्या घारींवरचा २०१८ चा एक अभ्यास आहे, त्यात जिथे लोक मांसाचे तुकडे टाकतात आणि कचरा उघड्यावर पडतो तिथल्या घारी जास्त अंगावर येतात असं दिसलंय. थोडक्यात त्यांची भीड आपणच चेपलीय.

त्रास काहीच नाही असं मी म्हणत नाहीये. म्हातारं माणूस दचकून जिन्यात पडू शकतं, टू-व्हीलरवाला हँडल सोडू शकतो, खरी भीती तीच. तर करायचं एवढंच: कपड्यांची दोरी महिनाभर दुसऱ्या टोकाला, आणि गच्चीवर जायचंच असेल तर छत्री घेऊन. कावळा बहुतेक वेळा पाठमोऱ्या माणसाच्या डोक्यावर मागून येतो, पायांनी फटका देऊन निघून जातो, त्यामुळे त्याच्याकडे बघत बघत सरका, हातवारे न करता. खरचटलं तर साबणाने धुवा आणि डॉक्टरला दाखवा. उडायला शिकणारं पिल्लू खाली बसलेलं दिसलं तर उचलायला जाऊ नका, आईबाप वरच असतात आणि सगळ्यात जोरात फटके तेव्हाच बसतात. फांदी छाटायची असेल तर घरटं रिकामं झाल्यावर, महापालिकेची परवानगी काढून. सोसायटीच्या सेक्रेटरींना हेच सांगितलंय, ते म्हणाले पावसाळ्यानंतर बघू. त्यांच्या 'नंतर बघू'चा पहिल्यांदाच कोणाला तरी उपयोग होतोय.