एबी फॉर्म नसलेली उमेदवारी

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनीच निवडण्याच्या निवडणुकीत, मी इराक युद्धाला विरोध करणारे रिपब्लिकन रॉन पॉल यांना मत दिले, हे जानेवारी 2008 मध्ये फोनवर सांगितले तेव्हा साताऱ्याच्या माझ्या मामांनी विचारलेला पहिला प्रश्न त्यांच्या दृष्टीने अगदी रास्त होता. "अरे, पण डिपॉझिट तरी वाचलं का त्यांचं?" एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर अनामत जप्त, या आपल्याकडच्या नियमाने ते मुळीच वाचले नसते, कारण पॉल पाचव्या क्रमांकावर राहिले आणि त्यांना 8 टक्क्यांच्या आसपास मते पडली. "म्हणजे मत वाया घालवलंस," असा निकाल देऊन मामांनी विषय बदलला. पण हा वाद आमच्यात तेव्हापासून, दर चार वर्षांनी ताजा होत, चालूच राहिला आहे.

मामांचा राग समजून घ्यायचा तर त्यांचा अनुभव लक्षात घ्यावा लागतो. चाळीस वर्षे एका पक्षाच्या सतरंज्या उचलल्यानंतर त्यांनी विधानसभेच्या एका निवडणुकीत बंडखोर अपक्षाचे काम केले, कारण तिकीट आयात उमेदवाराला गेले होते. तो अपक्ष पडला, मामांची तालुक्यातली पत गेली, आणि पक्षाने पुढल्या वेळी आणखी एक आयात उमेदवार दिला. आपल्याकडे पक्षाचा अधिकृत उमेदवार कोण, हे एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो यावर ठरते, आणि तो फॉर्म मुंबईहून किंवा दिल्लीहून येतो. मतदाराची आणि उमेदवाराची गाठ पडते ती हा निर्णय होऊन गेल्यावर. त्यानंतर पक्षाबाहेरच्या माणसाला दिलेले मत बहुतेक वेळा खरोखरच कोणाच्या उपयोगी पडत नाही. या अनुभवातून आलेली 'वाया' ही कल्पना प्रायमरीला मात्र लागू पडत नाही, हे मामांना पटवताना मी आजवर अपयशी ठरलो आहे.

प्रायमरीत एबी फॉर्मच नसतो. न्यू हॅम्पशायरमध्ये तर राजधानी कॉनकॉर्डला जाऊन 1000 डॉलर भरले की पात्र व्यक्तीचे नाव राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीच्या मतपत्रिकेवर येते, आणि म्हणून प्रत्येक पक्षाच्या यादीत डझनभराहून अधिक नावे असतात, ज्यांतली बरीचशी गमतीची असतात. शिवाय ज्याने आपली नोंद कोणत्याही पक्षात केलेली नाही अशा मतदाराला त्या दिवशी कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागून घेता येते आणि मत देऊन झाल्यावर दाराशीच एका कागदावर सही करून पुन्हा पक्षमुक्त होता येते. मी 2007 मध्ये नागरिक झालो आणि हे माझे पहिलेच मत होते. नॅशुआतल्या शाळेच्या व्यायामशाळेत, टेबलापलीकडच्या आजीबाईंनी "कोणती देऊ?" असे विचारले तेव्हा मला एखाद्या खानावळीत शाकाहारी की मांसाहारी असे विचारल्यासारखे वाटले, हे कबूल करतो.

युद्धाला विरोध हाच ज्याचा मुख्य मुद्दा होता त्याच्यासाठी त्या दिवशी दोन्ही मतपत्रिकांवर नावे होती. डेमोक्रॅटिक बाजूला ओहायोचे डेनिस कुसिनिच होते, जे वयाच्या 31व्या वर्षी क्लीव्हलँडचे महापौर झाले होते आणि ज्यांनी प्रतिनिधिगृहात इराक युद्धाविरुद्ध डेमोक्रॅटिक सदस्यांची फळी उभी केली होती. अलास्काचे माजी सिनेटर माइक ग्रॅव्हेल होते, ज्यांनी 1971 मध्ये व्हिएतनामविषयीची गुप्त कागदपत्रे एका उपसमितीच्या बैठकीत वाचून अधिकृत नोंदीत आणली होती. आणि अर्थात बराक ओबामा होते, ज्यांनी 2002 मध्ये शिकागोच्या सभेत या युद्धाला विरोध केला होता. रिपब्लिकन बाजूला एकटे रॉन पॉल होते. टेक्सासचे हे प्रसूतितज्ज्ञ डॉक्टर ऑक्टोबर 2002 मध्ये युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या प्रतिनिधिगृहातल्या अवघ्या सहा रिपब्लिकनांपैकी एक होते. तो ठराव तिथे 296 विरुद्ध 133 आणि सिनेटमध्ये 77 विरुद्ध 23 मतांनी मंजूर झाला होता. हिलरी क्लिंटन, जॉन एडवर्ड्स, जो बायडन आणि जॉन मॅकेन हे सारे त्या 77 मध्ये होते.

मी रिपब्लिकन मतपत्रिका मागितली. माझे गणित साधे होते. डेमोक्रॅटिक मंचावर 2008 पर्यंत सगळेच युद्ध संपवण्याची भाषा बोलू लागले होते, तेव्हा तिथे माझ्या मताने त्या भाषेत आणखी एका आवाजाची भर पडली असती. याउलट ज्या मंचावर उरलेले सारे प्रमुख उमेदवार युद्धाचे समर्थन करत होते तिथे विरोधाचे प्रत्येक मत मोजणाऱ्याच्या डोळ्यांत खुपणार होते. मे 2007 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या वादसभेत पॉल यांनी 11 सप्टेंबरच्या हल्ल्याचा संबंध इराकवर दहा वर्षे चाललेल्या बॉम्बफेकीशी जोडला तेव्हा प्रतिस्पर्धी उमेदवार रूडी जुलियानी त्यांच्यावर तुटून पडले आणि सभागृहाने जुलियानींना टाळ्या दिल्या. त्या टाळ्यांपुढे उभे राहून आपले म्हणणे मागे न घेणारा माणूस मला मतास पात्र वाटला. पुढे एकाच दिवसात, 16 डिसेंबर 2007 रोजी, इंटरनेटवरून सुमारे 60 लाख डॉलर त्यांच्याकडे जमले, तेव्हा असे वाटणारा मी एकटा नव्हतो हेही कळले.

पॉल यांची मला सर्वांत आवडलेली कृती मात्र त्याआधीची, ऑक्टोबर 2002 मधली होती. अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे, आणि 1942 नंतर काँग्रेसने तो रीतसर एकदाही वापरलेला नाही. ती फक्त अध्यक्षाला 'तुम्हाला योग्य वाटेल तसे करा' अशी मुभा देत आली आहे. पॉल यांनी समितीत रीतसर युद्ध जाहीर करण्याची दुरुस्ती मांडली आणि त्याच वेळी सांगून टाकले की आपण तिच्या विरुद्ध मत देणार आहोत. लढायचे असेल तर नाव लावून, जबाबदारी घेऊन लढा, एवढेच त्यांना म्हणायचे होते. समितीने ती दुरुस्ती अर्थातच फेटाळली.

मामांचे यावर म्हणणे असे की आपल्या संसदेने एप्रिल 2003 मध्ये या युद्धाची 'निंदा' करणारा ठराव मंजूर केला होता, अमेरिकेने सैन्य मागितले तेव्हा वाजपेयी सरकारने जुलैमध्ये नकारही दिला होता, आणि त्यासाठी कोणाला प्रायमरी लढवावी लागली नव्हती. हे खरे आहे, आणि त्या नकाराचा मला इथे बसून अभिमानच वाटला होता. पण तो निर्णय सरकारचा होता. उद्या एखाद्या सरकारने उलटा निर्णय घेतला तर सत्ताधारी पक्षाच्या खासदाराला काय करता येईल, हा प्रश्न उरतोच. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. पॉल स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षाने मागितलेल्या युद्धाविरुद्ध मत देऊनही पक्षात राहिले, आपल्या मतदारसंघातून पुन्हा निवडून आले आणि त्याच पक्षाकडे राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागायला गेले. आमदारांच्या घाऊक फुटी पाहिलेल्या महाराष्ट्रात पक्षांतरबंदीची गरज मी नाकारत नाही. मात्र सत्तेसाठी फुटणारा आणि युद्धाच्या प्रश्नावर सदसद्विवेकाने वेगळे मत देणारा, या दोघांना तो कायदा एकाच मापाने मोजतो.

युद्धविरोध म्हणजे सैनिकांचा अवमान, हा दुसरा आक्षेप मला मामांपेक्षा मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात अधिक ऐकावा लागला. तिळगूळ हातात ठेवता ठेवता एका गृहस्थांनी मला "तुम्ही तर सातारचे ना?" असे सुनावले. होय, सातारचा आहे, आणि अपशिंगे मिलिटरी आमच्यापासून फार दूर नाही. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले आणि गावाच्या नावाला 'मिलिटरी' कायमचे जोडले गेले. ते युद्ध कोणी ठरवले आणि त्या 46 घरांना कोणी विचारले, हा प्रश्न आमच्याकडे कोणी त्या जवानांचा अवमान म्हणून विचारत नाही. पॉल यांना सैन्यात नोकरीवर असलेल्या लोकांकडून लक्षणीय देणग्या मिळत होत्या, हे मी त्या गृहस्थांना सांगितले. त्यांनी तिळगूळ खाल्ला, गोड मात्र बोलले नाहीत.

आता जे माझ्या बाजूचे नाही तेही लिहितो. ज्या दिवशी मी मत दिले त्याच दिवशी एका नियतकालिकाने पॉल यांच्या नावाने ऐंशी-नव्वदच्या दशकांत निघालेल्या वार्तापत्रांतला कृष्णवर्णीयांविषयीचा आणि समलिंगींविषयीचा गलिच्छ मजकूर प्रसिद्ध केला. तो आपण लिहिलेला नाही, असे पॉल यांनी सांगितले. पण अंकांवर नाव त्यांचेच होते. मला ते संध्याकाळी घरी आल्यावर कळले. आदल्या दिवशी कळले असते तर मी तेच मत दिले असते का, याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असे आहे. त्यात भर म्हणजे जन्मसिद्ध नागरिकत्व रद्द करण्याचा पुरस्कार पॉल करत होते, आणि माझा मुलगा 1999 मध्ये, मी एच-1बी व्हिसावर असताना, इथे जन्मला. डेमोक्रॅटिक मतपत्रिका घेऊन ओबामांना मत दिलेल्या माझ्या पत्नीने या विसंगतीवर एका वाक्यात जे भाष्य केले ते इथे देत नाही. पक्षाबाहेरून येणारा, कोणी पारखून न घेतलेला उमेदवार आपली एक खरी गोष्ट सांगताना सोबत काय काय घेऊन येईल याचा भरवसा नसतो. एबी फॉर्म देणाऱ्या श्रेष्ठींची बाजू मांडायची तर ती याच मुद्द्यावर मांडता येईल.

आणि तरीही मत वाया गेले असे मला वाटत नाही, याचे कारण 1968 मध्ये आहे. मिनेसोटाचे सिनेटर यूजीन मॅकार्थी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध आपल्याच पक्षाच्या विद्यमान अध्यक्षासमोर उभे राहिले तेव्हा त्यांना कोणी गंभीरपणे घेतले नव्हते. केस कापून, दाढ्या काढून विद्यार्थी याच न्यू हॅम्पशायरच्या बर्फातून दारोदार हिंडले, आणि 12 मार्चला मॅकार्थींना सुमारे 42 टक्के मते मिळाली. अध्यक्ष लिंडन जॉन्सन जिंकले होते, पण 31 मार्चला त्यांनीच शर्यतीतून माघार घेतली. मॅकार्थींना मत देणाऱ्यांत युद्ध अधिक जोराने लढावे असे वाटणारेही बरेच होते, असे पुढे अभ्यासकांना आढळले, त्यामुळे ही कथा सांगितली जाते तितकी सोवळी नाही. मॅकार्थींना उमेदवारीही मिळाली नाही: न्यू हॅम्पशायरनंतर चार दिवसांनी शर्यतीत उतरलेल्या रॉबर्ट केनेडींची जूनमध्ये हत्या झाली आणि ऑगस्टमध्ये शिकागोच्या अधिवेशनात पक्षाने एकही प्रायमरी न लढवलेल्या ह्यूबर्ट हम्फ्री यांना उभे केले. त्या अधिवेशनाच्या संतापातूनच पक्षाने आपले नियम बदलले आणि उमेदवारीचा निर्णय खऱ्या अर्थाने प्रायमरीच्या मतदारांकडे आला. म्हणजे हरलेल्या माणसाच्या मतांमुळे एक अध्यक्ष गेला आणि एबी फॉर्मही गेला.

2008 चा हिशेब इतका चोख नाही. युद्धविरोधाच्या लाटेवर निवडून आलेल्या ओबामांनी डिसेंबर 2009 मध्ये अफगाणिस्तानात आणखी 30,000 सैनिक पाठवण्याचे जाहीर केले आणि 2011 मध्ये काँग्रेसला न विचारता लिबियावर हल्ले केले. त्यावेळी त्यांच्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्या दहा सदस्यांत कुसिनिच आणि पॉल एकत्र होते. न्यायालयाने खटला फेटाळला. पुढच्याच वर्षी मतदारसंघांची फेररचना होऊन कुसिनिच यांना स्वतःच्याच पक्षातल्या सहकारी सदस्याविरुद्ध प्रायमरी लढवावी लागली, आणि ते हरले. पॉल यांना मात्र 2012 च्या न्यू हॅम्पशायर प्रायमरीत सुमारे 23 टक्के मते आणि दुसरा क्रमांक मिळाला. मी ताबडतोब मामांना फोन केला: "डिपॉझिट वाचलं!"

2020 मध्ये प्रतिनिधिगृहाच्या सदस्य तुलसी गबार्ड डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या तेव्हा मला 2008 मध्ये वेड्यात काढणाऱ्या बऱ्याच मराठी ओळखीच्यांना बाहेरच्या उमेदवाराला पाठिंबा देण्याचे महत्त्व एकाएकी पटले. त्या हिंदू आहेत, भगवद्गीतेवर हात ठेवून त्यांनी शपथ घेतली होती, एवढे त्यांना पुरेसे होते. इराकमध्ये सैनिक म्हणून काम करून आलेल्या या बाई युद्धांविषयी काय म्हणत होत्या, हे त्या उत्साहात कोणी फारसे ऐकले नाही. मी ऐकले आणि पाठिंबाही दिला. त्याच गबार्ड फेब्रुवारी 2025 मध्ये ट्रम्प यांच्या सरकारात गुप्तवार्ता विभागांच्या प्रमुख झाल्या, आणि जूनमध्ये अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले तेव्हा त्या पदावरच राहिल्या. मामांना हे मी सांगण्याआधीच ठाऊक होते, आणि त्यांनी मला बराच वेळ ऐकवले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

मुलाचे प्रायमरीतले मत मात्र त्याआधीचे, 23 जानेवारी 2024 चे. त्या वेळी बायडन यांचे नाव इथल्या मतपत्रिकेवर नव्हते, जसे 1968 मध्ये जॉन्सन यांचेही नव्हते, आणि गाझातल्या युद्धाला विरोध करणारे काही जण रिकाम्या जागी 'युद्धविराम' एवढाच शब्द लिहा असे सांगत फिरत होते. मुलाने तो लिहिला. मी या वेळी डेमोक्रॅटिक मतपत्रिका मागितली, बराच वेळ आडोशाआड उभा राहिलो आणि अखेर तेच केले. फोनवर मामांनी आधी हे उमेदवार कोणत्या राज्याचे असे विचारले, आणि नीट समजावून सांगितल्यावर त्यांना एवढेच जाणून घ्यायचे होते की असली मते मोजतात तरी का. मोजतात, त्या रात्री बायडन यांचे नावही मतदारांनी हातानेच लिहिलेले असल्यामुळे लिहिलेला प्रत्येक कागद माणसांना उघडून, वाचूनच मोजावा लागला.