'पैशाने विकत घेतलेलं कौशल्य': एका प्रतिक्रियेला उत्तर

माउंटन बाइकवरच्या गेल्या आठवड्याच्या लेखावर आलेल्या एका प्रतिक्रियेला खालीच दोन ओळींत उत्तर देणार होतो. लिहायला बसलो तर ते दोन ओळींत मावेना, म्हणून स्वतंत्र लिहितो आहे.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ज्याच्याकडे हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे १२० मिलिमीटर दबणारा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा) असलेली माउंटन बाइक आहे, त्याने जोडीला फुल सस्पेन्शन, म्हणजे मागेही शॉक असलेली सायकल, घेताना १३० ते १४० मिलिमीटर ट्रॅव्हलची (दबण्याच्या लांबीची) ट्रेल बाइक (डोंगरवाटांसाठीची सायकल) बघावी आणि हार्डटेल विकू नये, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यावर एका निनावी वाचकाने लिहिलं:

"काका, हार्डटेल नीट चालवता येत नाही ते लोक पैशाने कौशल्य विकत घेतात, त्याचं नाव फुल सस्पेन्शन. या वयात कंबरेसाठी घेतली असेल तर तसं सांगा ना. टेकडीवर फिरायला रुंद टायर टाका, हवा कमी करा, काम होतं. शॉकची सर्व्हिस, बेअरिंग यांच्या खर्चावर अख्ख्या लेखात एक ओळ नाही. आणि घ्यायचीच तर १६०ची घ्या, १३०ची घेऊन हार्डटेलचीच धाकटी बहीण घरात कशाला आणायची?"

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. ती जशीच्या तशी वर दिली आहे.

काका म्हणण्याला माझी काहीच हरकत नाही. टेकडीवर भेटणारी निम्मी मुलं मला काकाच म्हणतात आणि ते मला आवडतं. पण माझ्या कंबरेची चौकशी तुम्ही कोणत्या नात्याने केलीत? माझ्या लेखात कंबर, पाठ, वय, आराम यांपैकी एक शब्द नव्हता. लेख चाकाच्या पकडीबद्दल आणि सायकलच्या भूमितीबद्दल होता. त्यातलं एकही वाक्य उचलून तुम्ही ते खोडलेलं नाही. वय काढलंत, पैसा काढलात आणि मोकळे झालात. स्वतःचं नाव न लिहिता दुसऱ्याचं वय मोजायचं, ही रीत मला पटत नाही.

आता त्या कौशल्याच्या वाक्याकडे येतो. ते मला लागलं, हे लपवत नाही. मी साताऱ्यात वाढलो. वडिलांच्या काळ्या सायकलवर यवतेश्वरचा घाट चढून आम्ही कासच्या पठारावर जायचो, तेव्हा कासला पर्यटकांची गर्दी नव्हती. सायकलला गिअर नाही, ब्रेक दांडीचे, पुढचा फोर्क निखळ लोखंडी. अर्धा घाट ढकलत जायचो आणि उतरताना बुटाचा तळवा रस्त्याला घासायचो. पुण्यात नोकरीला आल्यावर घेतलेली पहिली हार्डटेल सेकंडहँड होती, तिचा फोर्क ८० मिलिमीटरचा आणि आतलं डॅम्पिंग (उसळी आवरणारी यंत्रणा) संपलेलं. ती खाली दबायची आणि तशीच उसळून हात झटकायची. वेताळ टेकडी, बावधनच्या मागची डोंगरधार, मुळशीकडच्या गाडीवाटा, हे सगळं मी त्या सायकलवर शिकलो. गुडघे-कोपर सैल ठेवणं, लाइन, म्हणजे चाक कुठून न्यायचं ते, आधी हेरणं, मागचं चाक दगडावरून जाताना वजन उचलून घेणं हे तिने शिकवलं. आमच्या सोसायटीतल्या मुलांनाही मी हार्डटेलवरच शिकवतो आणि त्यांच्या आईवडिलांना सांगतो, सुरुवात हिच्यावरूनच करा. अशा माणसाला तुम्ही हार्डटेल न जमल्याचं प्रमाणपत्र देता?

बरं, मला सोडा. माउंटन बाइकच्या क्रॉस-कंट्री शर्यतीचं ऑलिंपिक घ्या. २००४ आणि २००८ ला ज्युलियन अब्सालोनने हार्डटेलवर सुवर्ण घेतलं. २०१२ ला लंडनमध्ये यारोस्लाव कुल्हावी फुल सस्पेन्शनवर जिंकला. २०१६ ला रिओत नीनो शुर्टर, तोही फुल सस्पेन्शनवर. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही वेळा टॉम पिडकॉक, पुन्हा फुल सस्पेन्शन. या तिघांना हार्डटेल चालवता येत नव्हती असं म्हणायचं आहे का तुम्हाला? शुर्टरने आधीची कित्येक वर्षं हार्डटेलवरच शर्यती मारल्या. शर्यतीच्या वाटा खडकाळ झाल्या, उतार अवघड झाले आणि जगातले सगळ्यात कुशल लोक मागे शॉक असलेल्या सायकलीकडे वळले. त्यांच्या सायकलींचा ट्रॅव्हल माझ्या शिफारशीपेक्षा कमी असतो, हे मला माहीत आहे, तेवढ्यासाठी दुसरी प्रतिक्रिया लिहू नका. मुद्दा कौशल्याचा चालला आहे.

मागचा शॉक नेमकं काय करतो, तेही एकदा नीट सांगतो. आपल्या टेकड्यांवर मुरमाचा चढ असतो आणि मध्येच वीतभर उंचीची बेसॉल्टची पायरी येते. हार्डटेलवर बसून पायडल मारत गेलात तर मागचं चाक पायरीवर आपटतं आणि उसळतं. ते जेवढा वेळ जमिनीपासून सुटलेलं असतं तेवढा वेळ तुमचा जोर वाया. उभं राहून वजन पुढे नेलं तर मुरमावर मागचं चाक नुसतंच फिरतं. ही कसरत जमते, मी वर्षानुवर्षं केली आहे, पण लांब चढाच्या शेवटी पाय संपलेले असताना ती रोज जमत नाही. मागे शॉक असला की चाक पायरीच्या अंगाने वर चढतं, बसूनच. उतारावरही तेच: बारीक दगडांच्या खडखडाटात हार्डटेलचं मागचं चाक सारखं उडतं आणि उडालेल्या चाकाला ब्रेक लावून उपयोग नसतो. चाक जमिनीला टेकून असेल तरच ब्रेक काम करणार. याला तुम्ही आराम म्हणता. मी याला ताबा म्हणतो.

दुसरी गोष्ट भूमितीची, आणि ही दुकानात कोणी सांगत नाही. हार्डटेलवर तुम्ही बसलात की फक्त फोर्क दबतो, मागे दबायला काही नाही. सायकल नाकावर झुकते आणि हेड अँगल, म्हणजे फोर्कचा जमिनीशी कोन, ताठ होतो. फोर्क २५ मिलिमीटर दबला तर साधारण एक अंश. तीव्र उतारावर दगडाला धडकून १२० पूर्ण दबला तर पाच अंशांहून जास्त. म्हणजे कागदावर ६६ अंशांची दिसणारी सायकल नेमकी जिथे तिने शांत राहायला हवं तिथे ७१च्या पुढे जाते, आणि हँडलच्या पलीकडे जाणारा माणूस बहुतेक वेळा त्या क्षणी जातो. फुल सस्पेन्शनवर दोन्ही टोकं दबतात, त्यामुळे कोन बऱ्यापैकी जागेवर राहतो. म्हणून दोन्ही सायकलींचे भूमितीचे तक्ते शेजारी ठेवून आकड्याला आकडा लावायचा नसतो. हे मूळ लेखात होतं. तुम्ही तिथपर्यंत पोचलात का, अशी शंका मला येते.

आणि कौशल्य संपतं कुठे? फुल सस्पेन्शनवर वेग वाढतो, म्हणजे ब्रेक कुठे सोडायचा हे आधी ठरवावं लागतं. चाक उचलायला जास्त जोर लावावा लागतो, कारण तुमच्या उडीचा बराचसा जोर शॉकच खातो. शॉक आपल्या वजनाप्रमाणे लावून घेणं हेही शिकावं लागतं. १३० मिलिमीटरच्या बऱ्याच सायकलींच्या शॉकचा स्ट्रोक (शॉकची स्वतःची दबण्याची लांबी) ५० मिलिमीटरच्या आसपास असतो. हेल्मेट, पाण्याची पिशवी, सगळं अंगावर घेऊन बसल्यावर त्यावरची रबरी रिंग १५ मिलिमीटरवर यायला हवी, म्हणजे ३० टक्के सॅग (नुसत्या वजनाने दबणं). मग रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत वर येण्याचा वेग. फार मोकळा ठेवला तर सायकल लाथ मारते, फार आवळला तर एकामागून एक दगडांवर शॉक वर यायलाच विसरतो आणि सायकल खाली खाली बसत जाते. लाखाच्या वर पैसे मोजून आणलेल्या सायकली दुकानात भरलेल्या हवेवरच वर्षभर फिरवणारे लोक मी पाहतो. त्यांना तुम्ही जे बोललात ते बोलायला माझी ना नाही. पण मग ते त्यांना बोला.

मला वाटतं, तुमच्या डोक्यात आपल्याकडची ती डबल शॉकर बसली आहे. कॉलनीतल्या पोरांकडे असते ती, मागे रंगीत स्प्रिंगचं शॉकअप, डॅम्पिंग शून्य, वजन बेसुमार, पायडल मारलं की झोपाळ्यासारखी झुलणारी. तिच्यावरून जर तुम्ही फुल सस्पेन्शनची कल्पना करत असाल तर तुमचा राग मी समजू शकतो. तिच्यात आणि हवेच्या, डॅम्पिंग असलेल्या शॉकमध्ये नावापलीकडे काही सारखं नाही. चांगल्या आराखड्यात पायडलचा जोर आणि साखळीचा ताण असा जुळवलेला असतो की बसून चढताना शॉक फारसा हलत नाही. चालवून पाहिल्याशिवाय यावर मत देऊ नका, एवढी माझी विनंती आहे.

खर्चाचा मुद्दा मान्य. त्यावर एक ओळ हवी होती, ती इथे देतो. रॉकशॉक्स या शॉक बनवणाऱ्या कंपनीचं वेळापत्रक घेतलं तर मागच्या शॉकच्या एअर कॅनची (हवा भरलेल्या नळीची) आणि फोर्कच्या खालच्या भागाची सर्व्हिस ५० तासांनी, पूर्ण सर्व्हिस २०० तासांनी. फॉक्स ही दुसरी कंपनी १२५ तास किंवा वर्ष म्हणते. आठवड्याला चार तास चालवणाऱ्याचे ५० तास तीन महिन्यांत भरतात. एअर कॅनची सर्व्हिस सील किट आणून घरी करता येते, डॅम्परला हात लावू नये. पिव्हट बेअरिंगचा, म्हणजे मागच्या हलत्या सांध्यांतल्या बेअरिंगचा, खरा शत्रू आपला पावसाळा. चिखल आत जातो, वाळतो आणि सप्टेंबरात सांध्यांतून करकर ऐकू येते. म्हणून तर मी हार्डटेल विकू नका म्हणालो होतो! जून ते सप्टेंबर चिखलात हार्डटेल, धुऊन टाकायला पाच मिनिटं. डांबरी रस्त्याने लांब जाऊन गाडीवाटेने परत यायचं असेल तरी हार्डटेल, ती हलकी असते आणि मन लावून पायडल मारता येतं. दिवाळीपासून मेपर्यंत कोरड्या, सैल दगडांच्या वाटांवर दुसरी. जोडी म्हणतात ती याला. दोन्ही सायकली बारा महिने सगळीकडे फिरवायच्या असतील तर मग खरंच एकच ठेवा.

टायरचं म्हणाल तर रुंद टायर आणि ट्यूबलेस मी दोन्ही सायकलींना वापरतो, त्यात नवीन काही नाही. टायरला डॅम्पिंग जवळजवळ नसतं, तो दबतो तसाच उसळतो. विषय संपला.

राहता राहिली १६०. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, शहर साधारण ५६०. म्हणजे सगळा उतार मिळून अडीचशे मीटरही भरत नाही, आणि तोही एका दमात मिळत नाही. अशा वाटेवर १६०ची सायकल झोपलेली असते. तिला जागं करायला वेग लागतो, तीव्र उतार लागतो, आणि वर जाताना तिचं वजन तुम्हीच ओढता. मनालीत राहत असाल तर १६० घ्या, मी स्वतः पंप घेऊन सॅग लावून देईन. पण 'घ्यायचीच तर १६०ची घ्या' असं ठासून सांगताना निदान एखादी वाट नाव घेऊन सांगायला हवी होती. पुणे, सातारा, मुळशी, मावळ, कुठलीही चालेल. ती सांगा, म्हणजे पुढचं बोलणं सायकलीवर होईल.