रेडिएटर फॅनच्या दुरुस्तीबाबत आपण नोंदवलेल्या तक्रारीस उत्तर

नमस्कार. आमच्या गॅरेजबद्दल आपण लिहिलेला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. आपले म्हणणे थोडक्यात असे, की रेडिएटरचा फॅन फिरत नाही म्हणून गाडी आमच्याकडे दिली असता आम्ही मोटर न बदलता नुसत्या वायरिंगचे पैसे घेतले, साताऱ्याला जाताना खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत गाडी पुन्हा गरम झाली, आणि तिथल्या एका इलेक्ट्रिशियनने फॅन ‘डायरेक्ट’ करून थोड्याच वेळात आपली सोय केली. म्हणजे आम्हाला मूळ दोष कळलाच नव्हता, असे आपण म्हणता. कुटुंबाला घेऊन उन्हात रस्त्याकडेला थांबावे लागले, याचे मला मनापासून वाईट वाटते. मात्र दोष कळला नव्हता, हे मला मान्य नाही. त्याचे कारण इथेच सविस्तर लिहितो, म्हणजे जुनी गाडी वापरणाऱ्या इतरांनाही त्याचा उपयोग होईल.

आपली गाडी 1997 ची, कार्ब्युरेटरची आहे. तिच्यात फॅन केव्हा सुरू करायचा हे संगणक ठरवत नाही. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) मार्गात बसवलेला थर्मो स्विच ठरावीक तापमानाला आतून जोडला जातो, त्यामुळे रिले (लहान करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) चालू होतो आणि रिलेतून मोटरला बॅटरीचा करंट मिळतो. यांपैकी काहीही बिघडले तरी बाहेरून दिसते ते एकच, की तापमानाचा काटा वर चालला आहे आणि फॅन उभा आहे. म्हणून आम्ही आधी मोटरचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) सोडवून तिला थेट बॅटरीवरून करंट दिला. ती लगेच आणि आवाज न करता फिरली, आणि क्लॅम्प मीटरवर करंट 9 अँपिअरच्या आसपास दिसला, जो एवढ्या फॅनला योग्य आहे. कार्बन ब्रश संपलेली मोटर सुरू व्हायला अडखळते, कधी तर ठोकल्याशिवाय फिरतच नाही. बुश (ज्यात मोटरचा दांडा फिरतो ती कडी) जाम झालेली मोटर जास्त करंट ओढते. आपल्या मोटरमध्ये यांपैकी काहीच नव्हते. चांगली मोटर काढून नवी बसवणे आमच्या दृष्टीने कमी कष्टाचे आणि जास्त कमाईचे काम होते, पण ते योग्य नव्हते.

खरी मेहनत पुढे होती. थर्मो स्विचच्या वायरी एकमेकींना जोडून रिले चालू केला आणि कपलरच्या दोन्ही पिनांना टेस्ट लॅम्प लावला, तर तो पेटला. अनेक ठिकाणी तपासणी इथेच थांबते आणि दोष मोटरच्या माथी मारला जातो. टेस्ट लॅम्पला अर्ध्या अँपिअरहूनही कमी करंट लागतो, तेवढा गंजलेल्या अर्थिंगमधूनही (करंट बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीतूनही) जातो. मोटरला लागणारे 9 अँपिअर मात्र त्यातून जात नाहीत. त्यामुळे तपासणी लोड असतानाच करावी लागते. मोटर जोडून, तिची अर्थिंगची वायर आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला, तेव्हा 3 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला. वास्तविक तो व्होल्टच्या एक-दोन दशांशांपलीकडे जाऊ नये. बॅटरी ट्रेखालचा अर्थिंगचा बोल्ट काढल्यावर दिसले, की लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) हिरवी-पांढरी भुकटी साचली आहे आणि तांब्याच्या मोजक्याच तारा शाबूत आहेत. कपलरचे प्लास्टिकही तापून तपकिरी झाले होते. आम्ही नवी लग दाबून बसवली, बॉडीचा पत्रा उघडा होईपर्यंत घासला, वर ग्रीस लावले आणि कपलर बदलला. आपण ज्याला नुसते वायरिंग म्हटले आहे, ते हे काम.

याशिवाय दुसरा एक दोष होता आणि तो आपल्या जॉब कार्डवर लिहिलेला आहे. थर्मो स्विच काढून आम्ही पाण्यात तापवून पाहिला. अशा गाड्यांत तो साधारण 90 ते 95 अंशांच्या दरम्यान जोडला जायला हवा. पुण्याच्या उंचीवर पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते, आणि ते उकळू लागले तरी आपला स्विच जोडला गेला नव्हता. तो बदलावा असे आम्ही सुचवले होते. पार्ट दुसऱ्या दिवशी मिळणार होता, आपल्याला गाडी त्याच संध्याकाळी हवी होती, म्हणून ते काम नंतर करायचे ठरले आणि गर्दीत काट्याकडे लक्ष ठेवण्यास आपल्याला सांगितले होते. गाडी वेगात असताना समोरचा वारा रेडिएटर थंड ठेवतो. रांगेत उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर येते. त्यामुळे ती नेमकी टोलनाक्यावर गरम झाली.

फॅन डायरेक्ट करणे म्हणजे थर्मो स्विचला वगळून करंट देणे. तसे करताच जी मोटर व्यवस्थित फिरू लागली, ती आम्ही न बदललेलीच मोटर आहे, आणि तिचा करंट आम्ही दुरुस्त केलेल्या अर्थिंगमधूनच परत जातो आहे. त्या इलेक्ट्रिशियनने अडचणीच्या वेळी आपल्याला घरी पोहोचवले, याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. परंतु ती जोडणी तात्पुरती आहे. तिच्यात बॅटरीजवळ फ्यूज नसेल, तर वायर कुठे घासून शॉर्ट झाल्यास आग लागू शकते, आणि फॅन सुरू करायचे बटण दाबायचे एकदा जरी राहून गेले तरी इंजिनचे अल्युमिनियमचे हेड (वरचा भाग) वाकून त्याखालचे गॅस्केट (सील) जाऊ शकते. आणखी एक गोष्ट आजच पाहावी: गाडी उभी असताना फॅन चालू करून रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरावा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. बाहेर ढकलला जात असेल तर वायरी उलट जोडल्या गेल्या आहेत आणि फॅन समोरच्या वाऱ्याच्या विरुद्ध फिरतो आहे.

आपल्यासाठी नवा थर्मो स्विच आम्ही मागवून ठेवला आहे. त्याची किंमत तेवढी घेऊ. बसवण्याची आणि मूळ जोडणी पूर्ववत करण्याची मजुरी घेणार नाही. जुना स्विच तापवून आपल्यासमोर पुन्हा तपासण्याचीही माझी तयारी आहे. गाडी शक्यतो सकाळी आणून काही तास इथे ठेवावी, कारण इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय हा स्विच काढता येत नाही; गरम असताना काढल्यास दाबाखालचे कूलंट अंगावर येते.