लेनिनने स्टालिनला वारस नेमलं नव्हतं

‘लेनिनने मृत्युपत्रात स्टालिनला वारस नेमलं, म्हणून 1924 मध्ये सत्ता आपोआप त्याच्याकडे आली’ असा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

ज्याला मृत्युपत्र म्हणतात ते लेनिनने आजारपणात, डिसेंबर 1922 पासून सांगून लिहवून घेतलेलं कम्युनिस्ट पक्षाच्या अधिवेशनासाठीचं पत्र. त्यात वारस कुणीच नाही. उलट 4 जानेवारी 1923 च्या पुरवणीत स्टालिन फार उद्धट आहे, त्याला सरचिटणीसपदावरून हलवा, असं स्पष्ट म्हटलंय. सोव्हिएत संघात हे पत्र 1956 मध्ये छापून आलं, लेनिनच्या समग्र वाङ्मयातही ते आहे.

मग स्टालिन टिकला कसा? मे 1924 मध्ये पत्र अधिवेशनाच्या प्रतिनिधींच्या गटांना वाचून दाखवलं गेलं, पण झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह या पक्षातल्या बड्या नेत्यांनी स्टालिनला सांभाळून घेतलं. त्यांना भीती सत्तेच्या शर्यतीतल्या ट्रॉट्स्कीची होती! शिवाय एप्रिल 1922 पासून सरचिटणीस असल्याने ठिकठिकाणचे पक्षसचिव नेमण्यात स्टालिनचा हात होता, आणि अधिवेशनाला कोण येणार हे बरंचसं त्या सचिवांवर ठरे. कारकुनी वाटणारं हे पदच खरी ताकद ठरलं. पुढे बुखारिन या आणखी एका नेत्याला सोबत घेऊन त्याने झिनोव्हिएव्ह-कामेनेव्हना बाजूला सारलं, मग बुखारिनलाही. नोव्हेंबर 1929 मध्ये बुखारिन पॉलिटब्युरोबाहेर, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीबाहेर होता. म्हणजे सत्ता स्टालिनच्या हाती यायला पाचेक वर्षं गेली.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.