मर्यादा २ जीबी झाली म्हणून मोठ्या फाइलींचा प्रश्न सुटलेला नाही

व्हॉट्सअ‍ॅपने २०२२मध्ये फाइलची मर्यादा १०० एमबीवरून २ जीबीवर नेली. तेव्हापासून एक सल्ला ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे: आता ड्राइव्ह नको, पेनड्राइव्ह नको, व्हिडिओ झिप करा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, लागेल तेव्हा चॅटमधून परत उतरवून घ्या. यातलं एक खरं आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या व्हिडिओचा दर्जा उतरत नाही. बाकीचं मात्र टिकत नाही.

‘झिप केली की फाइल लहान होते.’ एमपी४ (व्हिडिओ) आणि जेपीजी (फोटो) फाइली आधीच दाबून लहान केलेल्या असतात; झिपने त्या जेमतेम घटतात. शेकडो फोटो एका गठ्ठ्यात बांधायला झिप चांगली. पण एकाच दीड जीबीच्या व्हिडिओची झिप केली, तर ती उलगडताना समोरच्याच्या फोनवर तीन जीबी जागा अडते.

‘मर्यादा वाढली, प्रश्न मिटला.’ खरी गोम इथे आहे. लोकांना छळतो तो आकार नव्हे, मध्येच तुटणं. एका बाइटचे आठ बिट, म्हणून दीड जीबी म्हणजे १२,००० मेगाबिट. अपलोडचा वेग सेकंदाला ४ मेगाबिट असेल तर ५० मिनिटं लागतात. पंचेचाळिसाव्या मिनिटाला वायफाय सुटलं किंवा बॅटरी वाचवायला फोनने अ‍ॅप बंद केलं, आणि अ‍ॅपला तिथूनच पुढे जाता येत नसेल, तर सगळी मेहनत पाण्यात. मर्यादा ४ जीबी केली तर हे दुखणं वाढेलच.

उपाय जुना आणि तपासलेला आहे: अ‍ॅपनेच फाइलचे तुकडे करायचे. एक एमबीचा तुकडा धरला तर दीड जीबीचे १,५०० होतात. प्रत्येकाचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखीचा ठसा, ३२ बाइटचा, म्हणजे सगळी यादी फक्त ४८ केबी. ती आधी पाठवायची. जोडणी तुटली की फोन सर्व्हरला विचारतो, कुठवर आलं? उत्तर येतं १,३४९, आणि काम १,३५०पासून पुढे चालू. नुकसान फार तर एका तुकड्याचं, दोन सेकंदांचं. उतरवतानाही हॅश जुळला नाही तो तुकडाच पुन्हा मागवायचा. टेलिग्राममध्ये तुकडा जास्तीत जास्त ५१२ केबीचा आणि साध्या खात्याला ४,००० तुकडे. गुणाकार केला की त्यांची २ जीबीची मर्यादा दिसते.

तुकडा फार लहानही नको. ६४ केबी पाठवायला ४ मेगाबिटच्या वेगाने ०.१३ सेकंद लागतो. प्रत्येक पोचपावतीसाठी आणखी ०.१ सेकंद थांबलो, तर जवळजवळ निम्मा वेळ वाट पाहण्यात जातो. म्हणून तीन-चार तुकडे एकदमच वाटेवर ठेवायचे.

आणखी एक समज: ‘एन्क्रिप्शन असलं की तुकडे जमत नाहीत.’ जमतात. प्रत्येक तुकडा स्वतंत्र कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करायचा. फक्त त्याचा क्रमांक आणि ‘हा शेवटचा’ ही खूण त्या कुलपाच्या पडताळणीत बांधून घ्यायची, म्हणजे ती बदलली तर तुकडा उघडणारच नाही. हे विसरलं तर मधला सर्व्हर तुकड्यांची अदलाबदल करू शकतो किंवा शेपूट कापू शकतो, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

‘चॅटमधून कधीही परत मिळेल.’ व्हॉट्सअ‍ॅपचा सर्व्हर हे कपाट नव्हे. न पोचलेला संदेशसुद्धा तिथे ३० दिवसच थांबतो. फोनमधून फाइल पुसली की पुढे बहुतेक वेळा पाठवणाऱ्यालाच विनवावं लागतं. फाइल कुठवर उतरवता येईल, त्या मुदतीची तारीख संदेशाच्या फुग्यावरच दिसली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप ही सोय का देत नाही, याची खंत वाटते.

तोवर हाताशी असलेला मार्ग: संगणकावर सेव्हन-झिप या झिप करण्याच्या प्रोग्रॅममध्ये कॉम्प्रेशन ‘स्टोअर’वर (न दाबता नुसतं बांधणं) ठेवून १०० एमबीचे भाग पाडा. दीड जीबीचे पंधरा भाग होतात, आणि वरच्याच वेगाने प्रत्येकाला साधारण २०० सेकंद लागतात. तुटलं तर तेवढाच भाग पुन्हा पाठवायचा. समोरच्याने सगळे भाग एकाच फोल्डरमध्ये ठेवून .००१ हा पहिला सेव्हन-झिपनेच उघडायचा. एक जरी कमी असला तरी पूर्ण फाइल निघत नाही, म्हणून ‘उघडली’ असा निरोप येईपर्यंत मूळ फाइल पुसू नका.