‘गल्लीतल्या कुत्र्याला दगड पण पचतो’ म्हणे

तो मेसेज परत फिरायला लागलाय. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग फॅमिली ग्रुपवर, काल तर आमच्या भांडुपच्या फीडर लोकांच्या, म्हणजे रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्यांच्या, ग्रुपवर पण आला आणि खाली अंगठे आणि हात जोडलेले इमोजी. म्हणणं थोडक्यात असं, की चॉकलेट, कांदा, मनुका विषारी असतात वगैरे सगळं फ्लॅटमधल्या लॅब्राडोरसाठी, डॉक्टरांनी आणि पेट फूडवाल्यांनी पसरवलेलं. रस्त्यावरचा देशी कुत्रा कचराकुंडीतलं खाऊन कणखर झालाय, त्याला उरलंसुरलं, हाडं, दूध, बिस्किट काहीही घाला, लसूण घातलात तर गोचीड पण जातात, आणि त्रास झालाच तर मिठाचं पाणी पाजा.

आधी ‘कणखर’ बघू. यात थोडं खरं आहे, म्हणूनच तो मेसेज पटतो. लांडग्यापेक्षा कुत्र्याला भात-चपातीतला स्टार्च बराच चांगला पचतो, 2013 मध्ये जीन्सच्या अभ्यासात ते दिसलंय, त्यामुळे ‘कुत्र्याला फक्त मांसच पाहिजे’ म्हणणारे पण चूकच. पण स्टार्च पचणं वेगळं आणि विष निचरणं वेगळं. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन, म्हणजे कुत्र्याला बाधणारं द्रव्य, माणसाच्या अंगातून सात-आठ तासांत निम्मं होतं, कुत्र्याला त्यासाठी सतरा-अठरा तास लागतात, मग तो पेडिग्रीवाला असो नाहीतर रिक्षा स्टँडवरचा. आणि ‘आमच्या गल्लीत कोणाला काही झालं नाही’ हा तर पुरावाच नाही हो, जो मेला तो रात्री कुठेतरी गाडीखाली नाहीतर गटाराच्या कडेला जाऊन मेला, सकाळी गाडी येऊन घेऊन गेली, पोस्टमॉर्टेम कोण करतंय? आपल्याला दिसतात ते वाचलेले.

आता ‘थोडंसं दिल्याने काय होतंय’. हे थोडंसं वजनावर ठरतं, आणि मेसेजमध्ये वजनाचा एक शब्द नाही. चॉकलेटचंच घ्या. साधारण एका किलोमागे 20 मिलिग्रॅम थिओब्रोमिन गेलं की उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो, 40-50 च्या पुढे हृदयाचे ठोके बिघडतात, 60 ला फिट येऊ शकते. मिल्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ते दोनेक मिलिग्रॅम असतं, डार्कमध्ये पाच किंवा जास्तच. म्हणजे पंधरा किलोच्या दांडग्या कुत्र्याने मिल्क चॉकलेटचा एक चौकोन खाल्ला तर बहुतेक काही होणार नाही, उगाच घाबरवत नाही. पण तीन किलोच्या पिल्लाला डार्कचे 12 ग्रॅम, म्हणजे दोन-तीन चौकोन, पुरतात. दिवाळीनंतर गिफ्टचे डबे ओपन होतात, कोणाला डार्क आवडत नाही, मग ते वॉचमनच्या केबिनमागच्या पिल्लांना.

कांदा-लसूण हा आपल्याकडचा खरा प्रॉब्लेम, चॉकलेटपेक्षा कितीतरी मोठा, कारण तो रोजचा आहे. किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा गेला की तांबड्या पेशी फुटायला लागतात, म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्याला सव्वादोनशे ग्रॅम, दोन-तीन मध्यम कांदे, आणि त्या तीन किलोच्या पिल्लाला 45 ग्रॅम, अर्धा कांदा. शिजवला, तळला, वाळवून पावडर केली तरी हे जात नाही, लसूण तर कांद्यापेक्षा कडक. रविवारी एका बिल्डिंगमधून चिकनचा रस्सा-भात, दुसरीतून बिर्याणी, रात्री चायनीजच्या गाडीवाल्याकडचा उरलेला शेजवान राइस, प्रत्येकाने मनापासून ‘थोडंसंच’ घातलेलं असतं, पण पोट एकच आहे ना. शिवाय हे लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी कुत्रा गळून पडतो, हिरड्या पांढुरक्या, लघवी काळ्या चहासारखी, तोपर्यंत रविवारचा रस्सा कोणाच्या लक्षात पण नसतो.

आणि ‘लसणाने गोचीड जातात’ वाचून तर डोकंच फिरलं. मुंबईत गोचीड आणि त्यातून होणारा टिक फीव्हर काय आहे ते फीडर लोकांना विचारा. त्यातल्या बबेसिया नावाच्या आजारात तांबड्या पेशीच फुटतात, एर्लिकिया नावाच्या दुसऱ्याने पण रक्त कमी होतं. अशा कुत्र्याला तुम्ही वरून लसूण देणार, म्हणजे आधीच रक्त संपत आलंय त्याचं अजून कमी करणार. गोचिडीचं औषध डॉक्टरकडून वजनाप्रमाणे घ्या, विषय संपला.

हाडं. कच्चं हाड वेगळं, शिजवलेलं वेगळं. शिजलं की ठिसूळ होतं आणि चावल्यावर सुईसारखे तुकडे पडतात, घशात नाहीतर आतड्यात रुततात. बरेच जण चिकन सेंटरमधून स्वस्तात पंजे आणि माना आणून मोठ्या टोपात भातासोबत उकळतात, भावना चांगली आहे, पण ढवळून बघा, तळाला बारीक हाडांचा खच असतो. त्याऐवजी थोडी पोटा-कलेजी घ्या (कलेजी रोज भरमसाठ नको), नाहीतर अंडी, मीठ-मसाला-कांदा न घालता भातात कालवा, सोबत उकडलेला लाल भोपळा. आणि पाण्याचं भांडं, ते सगळे विसरतात.

दूध-बिस्किट विष नाही, मी ते म्हणणार पण नाही. मोठ्या कुत्र्यांना दुधातली साखर नीट पचत नाही, जुलाब होतात, दही-भात त्यापेक्षा बरा. ग्लुकोजचं बिस्किट म्हणजे मैदा आणि साखर, एखादं ठीक, रोज पुडेच्या पुडे नको. वडा-भजी, फरसाण नकोच.

मेसेजमध्ये ‘प्रसाद कधी बाधत नाही’ असं पण आहे. शिऱ्यातले मनुके-बेदाणे आणि द्राक्षं यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते, आणि किती खाल्ल्यावर जाईल याचा भरवशाचा हिशोब नाही, एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही, एखादा चार दाण्यांत आजारी. 2021 मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं. ते चिंचेत पण भरपूर असतं, तेव्हा चिंच घातलेली आमटी पण लांबच ठेवा. शुगर फ्री गम आणि गोळ्यांमध्ये साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल त्याहून वाईट, अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धाडकन खाली येऊन कुत्रा कोसळतो, लहान पिल्लाला एक-दोन गम पुरे.

राहिलं मिठाचं पाणी. अजिबात नको. उलटी झाली नाही तर ते मीठ अंगात राहतं, रक्तातलं सोडियम वाढून मेंदूवर परिणाम होतो, फिट येते, म्हणजे एकाच्या जागी दोन विषबाधा. घरातली पॅरासिटामॉल, कॉम्बिफ्लाम पण देऊ नका. काय खाल्लं, साधारण किती, किती वाजता, कुत्र्याचं अंदाजे वजन एवढं लिहून घ्या, रॅपर सापडलं तर खिशात टाका आणि जवळच्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे किंवा परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला गाठा. चॉकलेट किंवा मनुका खाऊन तासाभराच्या आत पोचलात तर डॉक्टर इंजेक्शनने उलटी काढू शकतात, म्हणून ‘बघू सकाळपर्यंत’ करू नका.